आरव्हीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, ऑफिसवाला म्हणतो स्टॅटिक आहे. खरंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही युटाहमध्ये भाड्याची 30 अँपची आरव्ही (म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरताय, सोबत मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा. काल पाऊस पडून गेल्यावर मुलगा अनवाणी खाली उतरला आणि परत चढताना दाराच्या मुठीला हात लावला तर हाताला झिणझिण्या आल्या, मग तुम्हीपण लावून बघितला, तुम्हालाही आल्या. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात सांगितलं तर 'हवा कोरडी आहे, स्टॅटिक असेल' असं उत्तर मिळालं. बाबांचं म्हणणं की लोखंडी सळई जमिनीत ठोकून आरव्हीला वायरने जोडू, अर्थिंग होईल. शिवाय दुपारी एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की खांबावरचा (कॅम्पग्राउंडमध्ये जिथून गाडीला लाईट मिळते त्या खांबावरचा) ब्रेकर उडतो. आणि सर्ज प्रोटेक्टर कुठला घ्यावा, पुढे झायन, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनला लाईट कुठे मिळेल, हेही विचारलंय.

सगळ्यात आधी, हे वाचताय तेव्हा आरव्ही अजून त्याच खांबाला जोडलेली असेल तर वाचणं थांबवा आणि ती काढा. कशी काढायची तेपण सांगतो कारण घाईत लोक उलटं करतात. पायात कोरडे, रबरी सोलचे बूट घाला, आरव्हीच्या पत्र्याला, शिडीला, हिचला (गाडी जोडायच्या हुकाला) कुठेही हात लावू नका, सरळ खांबाकडे जा, तिथला 30 अँपचा ब्रेकर ऑफ करा, मग प्लग ओढा. आत जी माणसं आहेत त्यांना आतच बसू द्या, आत त्यांना काही होत नाही. धोका असतो तो एक पाय जमिनीवर आणि हात पत्र्यावर या अवस्थेत, म्हणजे चढताना-उतरताना. ब्रेकर बंद झाला की मग उतरा.

आता स्टॅटिकचं. स्टॅटिक एकदाच चट् करून जातं, लगेच परत हात लावला तर काही होत नाही. तुम्हाला हात ठेवला तेवढा वेळ मुंग्या येत राहिल्या, आणि त्यासुद्धा पावसानंतर, जेव्हा स्टॅटिक मुळात तयारच होत नाही. हा मेन लाईनचा 60 हर्ट्झचा करंट आहे, दुसरं काही नाही. ऑफिसवाल्याने जे सांगितलं ते त्याला माहीत नसेल म्हणून सांगितलं असेल, पण उत्तर चूकच आहे.

होतं काय ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. आरव्ही रबरी टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नाही. तिचा सगळा धातू, म्हणजे चॅसी, पत्रा, दार, पायरी, हे सगळं केबलमधल्या अर्थच्या वायरने खांबापर्यंत आणि तिथून मेन पॅनेलपर्यंत जोडलेलं असतं. आतल्या प्रत्येक उपकरणातून थोडा थोडा करंट बॉडीवर गळतच असतो, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, फ्रिजचा हीटर, एसी, सगळ्यांतून. अर्थची वायर धड असेल तर तो गुपचूप परत निघून जातो, कोणाला कळतही नाही. ती कुठेतरी तुटली की मात्र जायला वाट नाही, मग बॉडीवर व्होल्टेज चढून बसतं आणि ओल्या जमिनीवर उभा राहून जो हात लावेल तो वाट बनतो. इथले लोक याला हॉट स्किन म्हणतात.

आता तुमच्या मनात येईल की मुंग्याच तर आल्या. इथेच गडबड होते. आज जे गळतंय ते दोन-चार मिलिअँप असेल, त्याने मुंग्याच येतात. पण अर्थ तुटलेली असणं म्हणजे सुरक्षेचा रस्ताच बंद असणं. उद्या गिझरचं एलिमेंट फुटलं किंवा एखादी वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर पूर्ण 120 व्होल्ट बॉडीवर येतील आणि कुठलाही ब्रेकर उडणार नाही, कारण करंटला परत जायला मार्गच नाही. ओल्या कातडीचा, ओल्या पायांचा माणूस साधारण हजार ओहम धरा, 120 भागिले 1000 म्हणजे 120 मिलिअँप. 10-20 मिलिअँपला स्नायू आखडून पकडलेली मूठ सोडता येत नाही, 30 च्या पुढे जास्त वेळ गेला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. म्हणून जीएफसीआय, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून लाईट तोडणारा सॉकेट किंवा ब्रेकर, 4 ते 6 मिलिअँपलाच उडेल असा बनवलेला असतो. पण खांबावरचा 20 अँपचा छोटा सॉकेट जीएफसीआय असतो, 30 आणि 50 चे सहसा नसतात, आणि तुम्ही जोडलेले आहात 30 ला.

आपल्याकडून आलेल्या लोकांत एक समज फार घट्ट बसलाय, की तिकडे 230 व्होल्ट, इथे 'एकशे दहाच तर आहे', काय होणारे. बाबांनाही हेच वाटत असेल तर त्यांना वरचा भागाकार दाखवा.

आता सळईचं. बाबांचा हेतू चांगला आहे, पण सळई ठोकून हा प्रश्न सुटत नाही, आणि यावर मी अनेक अनुभवी आरव्हीवाल्यांशीही वाद घातलेत. हिशोब करा. अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये एका रॉडसाठी 25 ओहमचा आकडा येतो, त्याहून जास्त भरला तर दुसरा रॉड ठोका म्हणतात. तुमची हातभर सळई, युटाहची कोरडी वाळू, तिथे शेकड्यांनी ओहम येतील, पण चला, 25 च धरू. 120 भागिले 25 म्हणजे पाच अँपसुद्धा नाही. 30 अँपचा ब्रेकर पाच अँपला ढिम्म हलत नाही, तो तासन्‌तास चालू राहील आणि बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसंच राहील. ब्रेकर उडवायचा तर शेकडो अँपचा झटका लागतो, आणि तो फक्त तांब्याच्या अर्थ वायरने मेन पॅनेलपर्यंत, जिथे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात, तिथपर्यंत रस्ता अखंड असेल तरच मिळतो. मातीतून नाही. सळई विजेच्या कडकडाटासाठी वगैरे ठीक आहे, या कामासाठी नाही. उलट सळई ठोकली की माणूस निर्धास्त होतो, ते जास्त वाईट.

मग दोष कुठे आहे हे शोधायचं कसं. तीनच जागा असतात: खांब, केबल आणि तिचे अडॅप्टर, किंवा आरव्ही स्वतः. केबलचा प्लग हातात घेऊन बघा, तीन पिनांमधली गोल पिन अर्थची, ती वाकडी, तुटलेली किंवा कापलेली नाही ना. हो, कापणारे लोक आहेत, कुठल्यातरी जुन्या सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणून. भाड्याच्या गाडीत तुमच्या आधी कोणी काय केलंय सांगता येत नाही. पिन ठीक असेल तर ऑफिसात जाऊन दुसरी साईट मागा, साईट, स्टॅटिकवर चर्चा नको. नवीन खांबावर जोडल्यावर झिणझिण्या नाहीत तर दोष जुन्या खांबाचा, तसं त्यांना लेखी कळवा, मेसेज किंवा ईमेल, कारण तुमच्यानंतर त्या साईटवर अजून कोणाची तरी मुलं येणारेत. नवीन खांबावरही येत असतील तर दोष केबलमध्ये किंवा गाडीत, मग भाड्याच्या कंपनीला फोन करा आणि दुरुस्त होईपर्यंत कुठेच लावू नका.

हे हाताने तपासायचं नाही हं. हार्डवेअरच्या दुकानात नॉन-कॉन्टॅक्ट व्होल्टेज टेस्टर मिळतो, पेनासारखा, वीस-तीस डॉलरच्या आत. जमिनीवर उभं राहून तो पेन हातात धरून आरव्हीच्या पत्र्याजवळ, दाराच्या कडेजवळ न्या. बॉडीवर व्होल्टेज असेल तर स्पर्श करायच्या आधीच लाल लाईट लागून ओरडायला लागतो. आधी एखाद्या चालू सॉकेटवर ओरडतोय का ते बघून घ्या, नाहीतर सेल संपलेला पेन घेऊन तुम्ही 'सगळं ओके' म्हणाल. आणि पेन गप्प असूनही हाताला मुंग्या येत असतील तर मुंग्या खऱ्या, पेन नाही. माझ्या घरचे सगळे नवीन साईटवर जोडल्यानंतर पेन फिरवून झाल्याशिवाय खाली उतरत नाहीत, पाहुण्यांना विचित्र वाटतं, वाटू दे.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर 30 च्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल 120 च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य, लोड असताना दोन-तीन व्होल्ट चालतील. वापरता येत नसेल तर चालू सॉकेटमध्ये प्रोब घालायच्या भानगडीत पडू नका, प्लग करून लाईटने दाखवणारा टेस्टर आणा.

पण त्या तीन लाईटवाल्या टेस्टरची एक फसवणूक माहीत असू द्या, विशेषतः कुणा मित्राच्या घरी ड्राईव्हवेत आरव्ही लावणार असाल तर. जुन्या घरांत अर्थची वायरच नसते, मग कोणीतरी हुशारी करून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून ठेवतो, म्हणजे टेस्टर खूश. आणि त्याच सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे लागले असतील तर अर्थच्या पिनवर थेट फेज येतो, म्हणजे तुमच्या पूर्ण बॉडीवर 120. टेस्टर 'बरोबर' दाखवतो, मीटर 'बरोबर' दाखवतो, महागडा प्रोटेक्टरसुद्धा 'बरोबर' दाखवतो, कारण हे सगळे तीन वायरींमधला फरक मोजतात आणि फरक बरोबरच असतो. पकडतो फक्त तो स्वस्तातला पेन, कारण तो तुमच्या पायाखालच्या जमिनीशी तुलना करतो.

ड्राईव्हवेवरून आठवलं. मित्राने 'तुझ्यासाठी खास 30 अँपचा पॉईंट काढून घेतलाय' म्हटलं की आभार मानायच्या आधी व्होल्टेज मोजा. आरव्हीचा 30 अँपचा सॉकेट, टीटी-30 म्हणतात, 120 व्होल्टचा असतो, पण इथल्या घरात 30 अँप म्हटलं की ड्रायरचा 240 वाला डोक्यात येतो आणि इलेक्ट्रिशियन सवयीने तसाच जोडून देतो. प्लग बसतो आणि मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, टीव्ही एका सेकंदात जातात. हे इतक्या वेळा होतं की आरव्ही दुरुस्त करणारे फोनवरच ओळखतात.

आता तुमचा ब्रेकर. 30 अँप गुणिले 120 म्हणजे 3600 वॅट, पूर्ण गाडीला मिळून. एसी चालू असताना 13 ते 15 अँप, मायक्रोवेव्ह 12-13, झाले 25 ते 28, कन्व्हर्टर बॅटरी चार्ज करत असेल तर त्याचे पाच-सात, गेलं 30 च्या वर. आणि यात एक छुपा खाणारा असतो, गिझर. बऱ्याच गाड्यांमध्ये तो गॅस आणि लाईट दोन्हीवर चालतो, लाईटचा खटका चालू राहिला तर 1440 वॅटचं एलिमेंट 12 अँप शांतपणे ओढत राहतं. तो खटका बंद करून गॅसवर ठेवा, माझ्या मते तुमचा निम्मा प्रॉब्लेम तिथेच आहे. सलग चालणारा लोड 80 टक्क्यांत ठेवायचा, म्हणजे 24 अँप. मायक्रोवेव्ह लावताना एसी फॅनवर टाका, पाच मिनिटांत कोणी भाजत नाही. आणि उडालेला ब्रेकर परत परत चढवत बसू नका, एकदा चढवला, लोड कमी असतानाही परत उडाला तर तो ब्रेकर किंवा सॉकेट खराब आहे.

सॉकेट खराब म्हणजे काय तेही बघा, कारण आगी इथून लागतात. खांबावरच्या सॉकेटमध्ये रोज कोणीतरी नवीन प्लग घालतो-काढतो, बरेचजण चालू लोडवर ओढतात, आत ठिणगी पडते, पितळी पट्ट्या काळ्या आणि ढिल्या होतात. समजा त्या सांध्यात फक्त 0.1 ओहम आला. 25 अँपला तिथे अडीच व्होल्ट पडतात, मीटरवर लक्षातही येणार नाही, पण अडीच गुणिले 25 म्हणजे साठाच्या वर वॅट, एका चिमूटभर जागेत, प्लास्टिकच्या आत. जुन्या साठच्या बल्बला हात लावून बघितलाय ना कधी. म्हणून लावायच्या आधी सॉकेटकडे टॉर्च मारून बघा: तपकिरी डाग, वितळलेली कड, जळका वास, प्लग सैल बसणं, यातलं काहीही असेल तर ती साईट नको. आणि एसी चालू करून अर्ध्या तासाने प्लगजवळ हाताचा मागचा भाग नेऊन बघा. कोमट चालेल, गरम नाही.

लावायचा क्रम: खांबाचा ब्रेकर ऑफ, गाडीतला एसी वगैरे ऑफ, प्लग घाला, गाडीकडच्या बाजूला फिरवून लॉक होणारी रिंग पूर्ण घट्ट करा, मग ब्रेकर ऑन, मग पेन, मग लोड एकेक. काढताना बरोबर उलट. पाऊस चालू असेल तर जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका आणि ढग गडगडायला लागले तर सरळ प्लग काढून ठेवा, जवळ पडलेल्या विजेपुढे कुठला प्रोटेक्टर टिकेल यावर मी पैज लावणार नाही.

केबल कमी पडली तर दुकानातली बारीक नारिंगी एक्स्टेंशन लावू नका. 30 अँपसाठी 10 गेजची आरव्हीची एक्स्टेंशनच हवी. आणि अडॅप्टरने अँप वाढत नाहीत, 15 अँपच्या सॉकेटला अडॅप्टर लावून एसी चालवणारे आहेत, तो चालतोही थोडा वेळ, तेच वाईट.

दुपारीच का उडतो हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. कॅम्पग्राउंडचं वायरिंग सगळे एकाच वेळी पूर्ण लोड घेतील असं धरून केलेलंच नसतं, कोडनुसार 36 किंवा जास्त साईट असल्या तर एकूण लोडच्या 41 टक्के धरून चालतं. वसंतात ठीक. जुलैत दुपारी चारला प्रत्येक गाडीचा एसी चालू, मग व्होल्टेज 120 वरून 110, 105 ला येतं. एसीचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजला कमी करंट नाही घेत, धडपडत जास्त घेतो, गरम होतो, ब्रेकर उन्हाने आधीच तापलेला, उडतो. मीटरवर 104 च्या खाली दिसलं तर एसी बंद, वादच नाही. एक ऑटोफॉर्मर म्हणून डबा मिळतो तो व्होल्टेज साधारण दहा टक्के चढवतो, तुमचा एसी खूश होतो पण खांबाकडून करंट जास्त ओढला जातो आणि शेजाऱ्यांचं अजून खाली जातं. मला तो आवडत नाही, काहींना आवडतो.

प्रोटेक्टर कुठला. नुसता सर्ज प्रोटेक्टर घेऊ नका, तो फक्त क्षणभराचा उंच झटका गिळतो. घ्यायचाच तर ईएमएस प्रकारचा, जो व्होल्टेज 104 च्या खाली किंवा 132 च्या वर गेलं की, अर्थ तुटली असली की, न्यूट्रल तुटला की गाडीला लाईटच देत नाही, आणि परत देताना दोनेक मिनिटं थांबतो म्हणजे कॉम्प्रेसरला दम मिळतो. 30 चा दोनशे-तीनशे डॉलरपर्यंत येतो. एकाच भाड्याच्या ट्रिपसाठी परवडत नसेल तर पेन आणि सॉकेटमध्ये घालायचा छोटा व्होल्टमीटर एवढ्यावर भागतं. पण पुढे स्वतःची 50 अँपची गाडी घ्याल तेव्हा ईएमएसशिवाय फिरू नका, कारण 50 मध्ये दोन फेज येतात, त्यांच्यात 240 आणि मध्ये एक न्यूट्रल. तो न्यूट्रल सैल झाला की दोन्ही बाजूंचा लोड सिरीजमध्ये येतो. एका बाजूला एसी, धरा 10 ओहम, दुसऱ्या बाजूला टीव्ही-चार्जर मिळून 100 ओहम, तर 240 मधले जवळजवळ 218 व्होल्ट टीव्हीच्या वाट्याला. तुमच्या 30 मध्ये न्यूट्रल तुटला तर फक्त अंधार होतो, तेवढं तुमचं नशीब चांगलं.

पुढचा रूट. झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडला लाईट असलेल्या साईट आहेत, उन्हाळ्यात त्याच घ्या कारण तिथे जनरेटर चालवायला बंदी आहे आणि गरमी सणकून असते. ग्रँड कॅन्यनला साऊथ रिमवर मेदर कॅम्पग्राउंडला लाईट नाही, बाजूच्या ट्रेलर व्हिलेजला आहे, बुकिंग करताना लोक नावांत गोंधळतात. यलोस्टोनच्या आत लाईटचं कनेक्शन फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला, आणि अस्वलांमुळे तिथे कापडी भिंतींच्या गाड्या चालत नाहीत, तुमची चालेल. जिथे लाईट नाही तिथे गाडीतला जनरेटर, पण उंचीवर तो मार खातो, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. साऊथ रिम सात हजार फुटांवर आहे, म्हणजे 4000 वॅटचा तिथे तीन हजाराच्या आसपास उरतो. एसी चालू होताना जनरेटर गुदमरला तर तो बिघडलाय समजून कंपनीशी भांडत बसू नका, आधी चार्जर आणि गिझर बंद करून बघा. झोपताना जनरेटर बंद, आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म टेस्टचं बटण दाबून आजच वाजवून बघा, भाड्याच्या गाडीत त्याची मुदत संपलेली असू शकते, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.